पानाच्या तळाशी उरलेली जागा

बेळगावात आमच्या वडिलांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेची हस्तपत्रके आणि वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह, एवढाच त्याचा व्याप. खिळे जुळवून झाल्यावर पानाच्या तळाशी जागा उरली, की वडील एका पत्र्याच्या डब्यातून समईचा, वेलीचा किंवा मोराचा ब्लॉक काढून तिथे बसवीत. रिकामी जागा बरी दिसत नाही, असे ते म्हणत. त्या ब्लॉकांकडे मी चित्रे म्हणून कधी पाहिलेच नाही. पुढे थॉमस ब्यूइक या इंग्रज खोदकाराची पुस्तके पाहण्यात आली आणि त्या डब्याच्या आठवणीने मी ओशाळलो.

ब्यूइकचे नाव प्रथम कानावर आले ते शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मुळे (१८४७). कादंबरीच्या आरंभीच दहा वर्षांची पोरकी जेन पडद्याआड खिडकीत बसून त्याचे पक्ष्यांवरचे पुस्तक चाळते. मजकुराकडे तिचे फारसे लक्ष नसते. तिला धरून ठेवतात ती चित्रे. कॉलेजात आम्ही त्यावर परीक्षेपुरती टीप लिहून घेतली आणि विसरलो. जेनला त्या चित्रांत काय सापडले असेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

ब्यूइकचा जन्म १७५३ सालचा, इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला भिडलेल्या नॉर्थंबरलंड परगण्यातला. टाइन नदीजवळ चेरीबर्न येथे वडिलांची खंडाची शेती आणि लहानशी कोळशाची खाण होती. चौदाव्या वर्षी, १७६७ साली, न्यूकॅसलमधील राल्फ बीलबी या खोदकाराकडे तो उमेदवारीला राहिला. तिथले काम म्हणजे चांदीच्या चमच्यांवर आद्याक्षरे, कुत्र्यांच्या पट्ट्यांवर नावे, शवपेटीवरच्या पाट्या, दुकानदारांची बिले. आमच्या छापखान्यासारखेच गावाच्या रोजच्या गरजेचे काम.

तोपर्यंत लाकडी ठसे उभ्या चिरलेल्या फळीवर चाकूने कोरत. काम ओबडधोबड होई. नाजूक चित्र हवे असेल तर तांब्याचा पत्रा, आणि त्याच्या छपाईला यंत्र निराळे. ब्यूइकने बॉक्सवुडच्या घट्ट लाकडाचा आडवा छेद घेतला आणि त्यावर धातू कोरण्याची बारीक कोरणी चालवली. ही युक्ती त्याने एकट्याने शोधली असे नाही. पण तिच्यातून काय काढता येते, हे दाखवले त्याने. कोरणी जिथे फिरेल तिथे कागदावर पांढरी रेघ उठते. म्हणजे तो अंधारातून उजेड कोरून काढीत होता. दूरची झाडे फिकट दिसावीत म्हणून तो ठशाचा तेवढा भाग किंचित खाली उतरवी. शिवाय हा ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्याने मजकुरासोबत एकाच चौकटीत बसे. चित्र आणि अक्षर एकाच दाबाने छापले जाऊ लागले.

१७९० साली चतुष्पाद प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक निघाले आणि गाजले. मात्र सलग पाहिले की त्यात दोन ब्यूइक दिसतात. परदेशी जनावरे त्याने बरीचशी इतरांच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून काढली आहेत. ती नेटकी आहेत, पण ती श्वास घेत नाहीत. घोडे, कुत्री, मेंढ्या यांचे पान उलटले की वारा सुटतो. या मेंढ्या त्याने पावसात भिजताना पाहिलेल्या आहेत. १७८९ साली चिलिंगहॅमच्या रानटी बैलाचे मोठे चित्र करायला तो गेला, तेव्हा कळप त्याला जवळ येऊ देईना. शेवटी प्रतिस्पर्ध्याने हरवून कळपाबाहेर हाकललेला एकटा बैल त्याला भेटला. त्याच्याजवळ तो रांगत गेला. चित्र त्याच बैलाचे आहे.

ब्रिटनमधील पक्ष्यांवरचे त्याचे दोन खंड १७९७ आणि १८०४ साली आले. मला मात्र त्यांतल्या पक्ष्यांपेक्षा पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत त्याने घातलेली बोटभर चित्रे अधिक मोलाची वाटतात. पुलाचा कर वाचवण्यासाठी गाईचे शेपूट धरून नदी ओलांडणारा एक इसम आहे. त्याची टोपी वाहून चालली आहे आणि टोपीची किंमत करापेक्षा जास्त. बर्फात उपाशी मेंढी खराटा चावते आहे, शेजारी कोकरू. कुणाच्या तरी युद्धाची कीर्ती सांगणाऱ्या दगडाला एक गाढव अंग घासते आहे. मजकूर पक्ष्याची चोच आणि पिसे सांगून थांबतो. तो पक्षी ज्या मुलखात उडतो तिथली गरिबी, तिथला लबाडपणा, तिथली थंडी तळाच्या चित्रात येते. ब्यूइकचे खरे पुस्तक मजकूर संपल्यावर सुरू होते.

त्याला डोक्यावर घेऊन नाचण्याचा माझा हेतू नाही. तळाच्या चित्रांपैकी काहींवर ल्यूक क्लेनेल, रॉबर्ट जॉन्सन अशा शिष्यांचा हात फिरलेला आहे, आणि नाव राहिले ते गुरूचे. पक्ष्यांच्या पहिल्या खंडाचा मजकूर बीलबीने लिहिला होता. लेखक म्हणून कुणाचे नाव यावे यावरून वाद झाला आणि वीस वर्षांची भागीदारी मोडली. मोठी, एकसंध रचनाही ब्यूइकला क्वचितच साधली. त्याचा जीव तळहाताएवढ्या जागेत रमे.

१७७६ साली तो लंडनला गेला होता. काम मिळत होते, तरी वर्षाच्या आत परतला. पंतप्रधानपद दिले तरी तिथे राहण्यापेक्षा आपल्या टेकडीवर मेंढ्या राखणे पत्करेन, असे त्याने मित्राला कळवले. आम्हा सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडण्याजोगी आहे, आणि तिथेच धोका आहे. गावात राहिले की लेखन आपोआप खरे होते, अशी समजूत आपण करून घेतो. ब्यूइक मोठा ठरला तो परतला म्हणून नव्हे, तर परतून त्याने डोळे उघडे ठेवले म्हणून. न पाहिलेले जनावर न्यूकॅसलमध्ये बसून काढले, तरी ते निर्जीवच उतरले.

गेली कित्येक वर्षे मी या भागातल्या पुस्तकांची परीक्षणे लिहितो आहे. पुण्या-मुंबईने दखल घेतली की नाही, या मापाने मीही अनेकांना मोजले. त्या मापाने मोजता मोजता एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला: हे तुम्ही पाहिले आहे का? आमच्या कथांतून मुंबईची चाळ येते, पुण्याचा वाडा येतो. पण सकाळी कानडीत भाजीचा भाव करून घरी मराठीत हिशेब सांगणारी बाई, मुलाला कुठल्या माध्यमात घालायचे म्हणून रात्रभर जागणारा बाप, हे आले तरी पान भरण्यापुरते येतात.

ब्यूइक १८२८ साली वारला. त्याचा अखेरचा मोठा ठसा अपुरा राहिला: पावसात उभा, हाडे निघालेला, मरणाची वाट पाहणारा म्हातारा घोडा. हयातभर तळाशी उभी केलेली जनावरे. त्यांतल्या एकाला शेवटी त्याने पुरे पान दिले.

वडिलांचा छापखाना ऑफसेट आल्यावर बंद झाला. डबा माझ्याकडे आहे. परवा त्यातला मोर काढून पाहिला. बाहेरगावच्या कारखान्याच्या कॅटलॉगातून नंबर टाकून मागवलेला. असाच मोर गावोगावच्या लग्नपत्रिकांवर बसला असणार. वडिलांचा त्यात दोष नाही. मिळत होते ते त्यांनी घेतले. आमच्या शिवारात पेरणीच्या दिवसांत ओरडत फिरणारी टिटवी मात्र त्या डब्यात नाही. ती कुणी कोरलीच नाही.