मराठी विश्वकोशाची परिभाषा व घरी शिकणारा वाचक

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, म्हणजे १९६० मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ अस्तित्वात आले आणि वाई येथे मराठी विश्वकोशाच्या कार्यास आरंभ झाला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. दरम्यान २०११ पासून हे खंड महाजालावर विनामूल्य वाचावयास उपलब्ध होऊ लागले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांना आपल्या ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भांडवल उभारावे लागले होते व वर्गणीदार मिळवीत गावोगाव हिंडावे लागले होते. त्या तुलनेने आज मराठी वाचकास समाज, आरोग्य, इतिहास यांविषयीचे साधार लेखन एक पैसा न देता घरबसल्या मिळते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि किंमत नाहीशी झाली म्हणजे अडसर नाहीसा झाला असे होत नाही. छापील कोशाचा वाचक पाने चाळीत इष्ट नोंदीपर्यंत पोहोचे. महाजालावरील वाचकास प्रथम शब्द द्यावा लागतो. तो शब्द कोणता, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

आरोग्यविषयक नोंदी या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. रोगांची नावे देताना संपादकांनी पुष्कळ ठिकाणी लोकांच्या तोंडी रुळलेले शब्द शीर्षस्थानी ठेवले: पटकी, हिवताप, घटसर्प. शरीररचनेच्या बाबतीत मात्र त्यांचा कल निराळा दिसतो. तेथे ‘कोशिका’, ‘ऊतक’, ‘तंत्रिका तंत्र’ ही रूपे येतात. ती हिंदीतील शास्त्रीय परिभाषेशी जुळणारी आहेत. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांनी मात्र ‘पेशी’, ‘ऊती’, ‘चेतासंस्था’ हे शब्द रूढ केले. (हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू, तेव्हा अखिल भारतीय एकरूपतेच्या आग्रहात ‘पेशी’ला थारा मिळणे कठीणच होते.) एकरूपतेची ती आकांक्षा तत्कालीन वातावरणात स्वाभाविक होती, तिची किंमत मात्र मराठी विद्यार्थ्याने मोजली. शाळेत ‘चेतासंस्था’ शिकलेली मुलगी वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर त्याची कारणे शोधू लागली, तर विश्वकोशात तिला ‘तंत्रिका’ भेटते, आणि आपण शिकलो ते हेच, की दुसरे काही, असा संभ्रम तिच्या मनात उत्पन्न होतो. हा अज्ञानाचा दोष नव्हे; एकाच राज्यातील दोन सार्वजनिक यंत्रणांनी एकाच वस्तूस दोन नावे दिल्याचा तो परिणाम होय.

या दोषावर संपादकांनी योजलेला उपायही नमूद केला पाहिजे. कठीण संज्ञा आली की लगेच कंसात तिचा अर्थ सोप्या शब्दांत द्यावयाचा, आणि तोही एकदाच नव्हे, तर जेथे जेथे संज्ञा येईल त्या त्या नोंदीत नव्याने, असा विश्वकोशाचा परिपाठ आहे. ‘ऊतक’ आले की पाठोपाठ समान रचनेच्या पेशींचा समूह अशा आशयाचा खुलासा येतो. सलग खंड वाचणाऱ्यास ही पुनरुक्ती रटाळ वाटते, वाक्येही कंसांच्या ओझ्याने वाकतात, आणि शैलीच्या कसोटीवर ही पद्धत सदोषच ठरेल. परंतु महाजालावरील वाचक मागची नोंद वाचून येत नाही. तो थेट मधल्याच पानावर उतरतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नोंदीचे हे स्वयंपूर्णत्व मोठ्या उपकाराचे आहे. छापील पानासाठी पत्करलेला हा जडपणा चाळीस वर्षांनंतर अनपेक्षितपणे उपयोगी पडला.

लोकभाषेतून घेतलेल्या रोगनामांचेही सर्व काही सुरळीत नाही. कोश स्थिर राहतो, बोली चालत राहते. ‘पटकी’ आज शहरी तरुणाच्या बोलण्यात क्वचितच आढळते. तो ‘कॉलरा’ म्हणतो. ‘हिवताप’ सरकारी फलकांवर उरला, घराघरांत ‘मलेरिया’ आला. एके काळी देशी म्हणून निवडलेला शब्द अशा रीतीने स्वतःच पारिभाषिक बनतो. नोंदीच्या आरंभी कंसात पर्यायी नावे देण्याची प्रथा येथे उपकारक असली, तरी ती नोंद उघडल्यावरच दिसते.

समाज व इतिहास या विषयांत परिभाषेची अडचण तितकी तीव्र नाही. ‘जातिसंस्था’ किंवा ‘सरंजामशाही’ हे शब्द सुशिक्षित वाचकास परके नाहीत. तेथे अडचण काळाची आहे. आरंभीच्या खंडांतील स्थलविषयक नोंदींत लोकसंख्येपुढे ‘१९७१’ हे साल कंसात असते. आकड्यास असे साल लाभते, क्रियापदास लाभत नाही. ‘आहे’ हे रूप १९७६ मध्ये लिहिले गेले की २०१५ मध्ये, हे वाक्यावरून कळत नाही. छापील खंडाचे मुखपृष्ठ ती उणीव भरून काढी. महाजालावर सुटी नोंद वाचणाऱ्यापुढे ते मुखपृष्ठ नसते, म्हणून प्रत्येक नोंदीच्या शीर्षाशीच मूळ प्रकाशनवर्ष ठळकपणे दिले जाणे अगत्याचे आहे. वर्णक्रमानेही आपले बंधन घातलेच: ‘ए’ हे अक्षर १९७० च्या दशकातच छापून झाले होते, आणि एड्स या रोगाचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध झाले ते १९८१ मध्ये.

विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदी अद्ययावत करण्याचा जो उपक्रम विश्वकोश मंडळाने हाती घेतला, त्याने वर्णक्रमाचे हे बंधन तोडले. कुमार विश्वकोशाच्या जीवसृष्टीविषयक नोंदींत ‘पेशी’ व ‘चेतासंस्था’ ही शालेय रूपे स्वीकारलेली दिसतात, हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. आता एकाच मंडळाच्या लेखनात ‘कोशिका’ आणि ‘पेशी’ दोन्ही नांदत आहेत. जुन्या नोंदी पुसून नव्या रूपांत लिहाव्यात असे नव्हे; त्यांना स्वतःचे ऐतिहासिक मोल आहे. करावयास हवे ते काम यापेक्षा लहान आणि कंटाळवाणे आहे: प्रत्येक शीर्षकास त्याची बोलीतील, पाठ्यपुस्तकांतील व इंग्रजीतून आलेली सर्व नावे जोडणे, आणि त्यांत लेखनभेदही धरणे. ‘टायफॉइड’, ‘टायफॉईड’, ‘टायफाइड’ यांपैकी काहीही लिहिणारा वाचक ‘आंत्रज्वर’ या नोंदीशी पोहोचला पाहिजे. आणि वृद्ध आजीच्या तोंडून ‘विषमज्वर’ ऐकलेला नातूही.