टोपणनावाआडची रचनाकार : ‘आनंदघन’ आणि स्त्रीचे संगीतकर्तृत्व

मराठी संगीतसमीक्षेत स्त्रीच्या गळ्याची जितकी चर्चा झाली, तितकी तिच्या रचनेची झालेली नाही. जात्यावरच्या ओवीची चाल कोणी बांधली, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. गाणारी बाई परंपरेची वाहक मानली जाते, कर्ती नव्हे. या पार्श्वभूमीवर लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने केलेले संगीतदिग्दर्शन विचारात घेण्याजोगे आहे.

युरोपीय स्वच्छंदतावादी कालखंडातील फॅनी मेंडेल्सोनचे उदाहरण येथे आठवते. संगीत हा भाऊ फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तिच्यासाठी मात्र ते भूषणच राहावे, असे वडिलांनी तिला १८२० मध्ये कळविले होते. तिची सहा गीते फेलिक्सच्या संग्रहांतून त्याच्याच नावे छापली गेली. स्वतःच्या नावाने रीतसर प्रकाशन तिने १८४६ मध्ये सुरू केले आणि १८४७ मध्ये तिचे निधन झाले.

आनंदघनचे प्रकरण इतके सरळ नाही. ते फॅनीच्या साच्यात बसविण्याचा मोह टाळला पाहिजे. भालजी पेंढारकरांना संगीतकार मिळेना, तेव्हा लताबाईंनी तयारी दर्शविली. परंतु अपयश आल्यास त्यांच्या नावाला बाधा येईल, या चिंतेतून टोपणनावाचा मार्ग निघाला, असे खुद्द लताबाईंनी सांगितले आहे. शिवाय भालजीही ‘योगेश’ या नावाने गीते लिहीत. म्हणजे टोपणनाव ही केवळ स्त्रीची गरज नव्हती. धाकट्या भगिनी मीना खडीकर यांनी तर ‘माणसाला पंख असतात’ला उघडपणे स्वतःच्या नावाने संगीत दिले.

तरीही एक प्रश्न उरतोच. त्याच काळात सुधीर फडके आणि हेमंतकुमार एकाच नावाने गात होते व चालीही बांधत होते. एखादी चाल पडली म्हणून त्यांच्या गायनकीर्तीला धोका आहे, असे कोणास वाटले नाही. गायिकेची कीर्ती मात्र जपून ठेवण्याची वस्तू ठरली. येथे स्त्रीत्वापेक्षा ‘गायिका’ या प्रतिमेचा दबाव अधिक दिसतो. पण ती प्रतिमाही समाजानेच घडविलेली आहे.

‘साधी माणसं’ (१९६५) मधील ‘ऐरणीच्या देवा’ हे गीत या दृष्टीने ऐकण्यासारखे आहे. जगदीश खेबूडकरांचे शब्द, लोहाराच्या भात्यापाशी चाललेले काम आणि श्रमाच्या ठेक्यावर चालणारी संयत चाल. स्वतःच्या गळ्याचे सामर्थ्य मिरविण्याची संधी संगीतकाराने येथे जाणीवपूर्वक सोडून दिली आहे, आणि हीच या रचनेची खरी प्रगल्भता होय. ओवी म्हणणाऱ्या बाईलाही ती सहज उचलता येते. या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला आणि समारंभातच आनंदघन कोण, हे प्रेक्षकांसमोर उघड झाले. असे असूनही ‘तांबडी माती’ (१९६९) च्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून पुन्हा आनंदघन हेच नाव आले.