बिनशब्दांचे देशांतर

परदेशी जाऊन राहिलेल्या कुटुंबांविषयी मुलांसाठी लिहिणारे लेखक बहुधा एकाच मोहाला बळी पडतात: ते समजावून सांगू लागतात. नवा देश, नवी भाषा, शाळेतली पहिली रडारड, मग एखाद्या प्रेमळ बाई आणि शेवटी सारे गोड! अशा पुस्तकांचा मला मनापासून कंटाळा आहे. म्हणूनच शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या ‘द अरायव्हल’ (२००६) या पुस्तकाविषयी लिहावेसे वाटले. यात गोष्ट आहे, पण ती सांगणारा शब्द एकही नाही. भाषांतरकाराला काही कामच उरलेले नाही!

टॅनचे वडील १९६० साली मलायातून ऑस्ट्रेलियात आले. पुस्तकातला देश मात्र नकाशावर सापडायचा नाही. बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून एक गृहस्थ बॅग घेऊन निघतो. आगबोटीवरचे दिवस टॅनने नुसत्या ढगांच्या चौकटींनी मोजले आहेत. उतरल्यावर तपासणी होते, कोटावर चिठ्ठ्या लागतात. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटाची जुनी छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे दालन ओळखीचे वाटेल.

आणि पाट्या! जगातल्या कोणत्याही लिपीत त्या नाहीत; टॅनने मनानेच लिपी रचली आहे. मांडीवरचे मूल आणि त्याला गोष्ट सांगू पाहणारे शिकलेसवरलेले आजोबा इथे सारखेच निरक्षर. तो गृहस्थ खोली मागायची म्हणून वहीत खाटेचे चित्र काढतो. पुढे त्याला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते आणि बिचारा त्या उलट्या चिकटवतो. आपण हसतो खरे. पण त्या उलट्या आहेत हे आपल्याला तरी कुठे कळले होते? परकेपणा म्हणजे काय, हे मुलाला याहून नेमके कोणी समजावले असेल असे मला वाटत नाही.

तरीही हे शहर जरा जास्तच मायाळू आहे. भेटेल तो मदत करतो, आपली कहाणी सांगतो, जेवायला घालतो. एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेने १९४४ सालीच ‘द हंड्रेड ड्रेसेस’मध्ये दुसरी बाजू मांडली होती. तिथे वांडा या पोलिश मुलीला वर्गातल्या मुली तिच्या एकुलत्या एक विटक्या झग्यावरून रोज चिडवतात, आणि शेवटी ते कुटुंबच गाव सोडून जाते. तिच्या मागे उरलेल्या मुलींची चुटपुट वाचताना घशाशी आवंढा येतो. रुळायचे ते पाहुण्यानेच, यजमानाला काही शिकायचे नसते, हा समज मोडायला मुलांनी दोन्ही पुस्तके लागोपाठ पाहावीत.

टॅनबद्दल माझी खरी तक्रार निराळीच आहे. आरंभीच्या पानावर घरातल्या साध्या वस्तूंच्या नऊ चौकटी आहेत. शेवटच्या प्रकरणात त्याच नऊ चौकटी पुन्हा येतात, पण वस्तू नव्या देशातल्या. संसार तोच, भांडी निराळी. फार सुंदर! मग बाहेर पडलेली ती मुलगी एका नवख्या बाईला बोट दाखवून रस्ता सांगते. ही चिमुरडी इतकी तरबेज झाली कधी? बापाचा एकेक घोटाळा आपण पाहिला. लेकीचा एकही नाही. परक्या देशात भाषा आधी मुलांच्या जिभेवर बसते, आणि दुकानात, दवाखान्यात तीच आईबापांचे दुभाषी होतात. ते सारे टॅनने दोन पानांच्या मध्ये सोडून दिले आहे. मला तर बापापेक्षा तिचेच पुस्तक हवे होते.