‘सुरक्षित’ भूजल : एका निकषाची चिकित्सा

२०१५ च्या राष्ट्रीय भूजल-मूल्यमापन पद्धतीनुसार, वार्षिक उपसा उपशायोग्य भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत असल्यास ते क्षेत्र ‘सुरक्षित’ गणले जाते. सिंचन-नियोजनास हा निकष उपयुक्त असला, तरी ग्रामीण पेयजलाच्या संदर्भात तो अपुरा ठरतो. आर्सेनिक, फ्लोराइड व क्षारता यांची स्वतंत्र खूण जोडण्याची तरतूद या पद्धतीत आहे. परंतु त्या खुणेने मूळ वर्ग बदलत नाही.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्याचा दोष निदान जिभेला कळतो. यवतमाळ जिल्ह्यातील बाधित गावांत आढळणाऱ्या फ्लोराइडला चव नसते. तो दोष पुढे दातांवर व हाडांवर उमटतो. शिवाय एकाच गावातील उथळ विहीर आणि खोल विंधन विहीर यांचे पाणी भिन्न असू शकते. उथळ स्रोतात नायट्रेटचा धोका संभवतो, तर खडकाशी दीर्घ संपर्क आलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड वाढू शकते. अशा स्थितीत क्षेत्राच्या सरासरीवरून स्रोताची निवड करणे अशास्त्रीय होय.

म्हणून पेयजलासाठी मूल्यमापनाचे एकक क्षेत्र नव्हे, तर स्रोत असावे. त्याची खोली, पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे पृथक्करण आणि उन्हाळ्यातील क्षमता यांची एकत्र नोंद व्हावी. तोपर्यंत ‘सुरक्षित’ हा शब्द केवळ परिमाणवाचक समजावा.