‘भिजकी वही’ आणि अनभ्यस्त वाचक

काव्याचा व्यासंगी अभ्यासक आणि सहज म्हणून काव्यसंग्रह हाती घेणारा वाचक यांच्या प्रतिसादांत अंतर असावयाचेच. टीकाकार पहिल्याचे मत विचारात घेतो. दुसऱ्याचे ‘रुचिभेद’ म्हणून बाजूस सारतो. परंतु अशा वाचकाची अडचण कित्येकदा काव्याच्या मर्मापर्यंत नेते. अरुण कोलटकरांचा ‘भिजकी वही’ (२००३) हा संग्रह याचे उत्तम उदाहरण होय. २००४ मध्ये कवीचे निधन झाले व त्यानंतर २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार या संग्रहास मिळाला. प्रस्तुत लेखक काव्याचा अभ्यासक नाही; पुढील विवेचन त्या मर्यादेतच वाचावे.

वाचकाची पहिली तक्रार दुर्बोधतेची असते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहापासून ही तक्रार मराठीस परिचित आहे. तेथे दुर्बोधता प्रतिमांच्या अनपेक्षित सांगडीत होती. येथे भाषा बोलण्यातली आहे. शब्दकोशाची गरज क्वचितच पडते. वाचक अडतो तो नावांपाशी. इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, कण्णगी, नादेज्दा ही नावे वेगवेगळ्या देशांतून व काळांतून आलेली आहेत. सीता किंवा द्रौपदी यांचे दुःख कवीने तोंड उघडण्यापूर्वीच आपणांस ठाऊक असते. येथे स्मृती साह्यास येत नाही.

हा दोष मानावा काय? हायपेशिया ही अलेक्झांड्रियातील गणितज्ञ व तत्त्वचिंतक होती आणि इ. स. ४१५ मध्ये जमावाने तिची हत्या केली, ही माहिती कोणत्याही ज्ञानकोशात सापडेल. परंतु ती मिळाल्याने कविता कळली, असे होत नाही. ‘ही बाई आपल्यापैकी आहे काय?’ असे विचारूनच आपण करुणेचे दार उघडतो. ही सवय मोडावी, हीच या संग्रहाची मागणी आहे. तेव्हा येथील अपरिचय हे वैगुण्य नसून वाचकाची कसोटी आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि तिचे निराकरण इतके सुलभ नाही. एकामागून एक विलाप वाचताना मन बधिर होऊ लागते. काही ठिकाणी चरित्रातील तपशील इतका वाढतो की कथा पोहोचते, आक्रोश मात्र पोहोचत नाही; निदान प्रस्तुत लेखकास तरी तसे वाटले. संग्रह एका बैठकीत वाचावयाचा नाही, हे उत्तर अर्धेच खरे आहे. कारण त्याची एकसूत्रता सलग वाचनाचाच आग्रह धरते.

यातूनच तिसरा प्रश्न उद्भवतो. स्त्रीचे अश्रू हा पुरुष कलावंताचा विषय व्हावा काय? डोरा मार ही स्वतः कुशल छायाचित्रकार होती; १९३७ मध्ये ‘गेर्निका’ हे चित्र घडत असता त्याच्या अवस्था तिने टिपल्या. तथापि जग तिला ओळखते ते पिकासोच्या त्याच वर्षीच्या चित्रातील ‘रडणारी स्त्री’ म्हणून. या डोराला संग्रहात स्थान देऊन कवीने हा आक्षेप जणू स्वतःवरच ओढवून घेतला आहे.

त्याचे उत्तर नादेज्दाच्या रूपाने मिळते, असे वाटते. तिचे पती, कवी ओसिप मांदेलश्ताम, १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकनजीकच्या छावणीत मृत्यू पावले. कागद बाळगणे धोक्याचे होते, म्हणून तिने त्यांच्या कविता पाठ करून जपल्या. येथे अश्रू ढाळणारी स्त्री हीच वहीची राखणदार आहे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या, अशी आख्यायिका आहे. ही वही मात्र भिजकीच आपल्या हाती येते. ती वाळवून, नीटनेटकी करून मांडणे हे अभ्यासकाचे काम खरे; पण तिचा ओलावा प्रथम हाताला जाणवतो तो अनभ्यस्त वाचकाच्या. त्याची साक्ष टीकेने वगळू नये.