पावणेसात वर्षांचं मांजर

लेस्टरहून माझ्या मावसताईचा मेसेज आला तेव्हा मी गाईडला द्यायच्या चॅप्टरचे टेबल्स लावत बसले होते. एका बातमीचा स्क्रीनशॉट होता आणि खाली एकच ओळ: “मोदक पाच पूर्ण झाला गं. म्हणजे आता पावणेदोन वर्षंच?”

मोदक हा ताईचा बोका. स्फिंक्स जातीचा, म्हणजे अंगावर केस नसलेला. कपाळावर आणि मानेवर कळ्या पाडल्यासारख्या सुरकुत्या आहेत, त्यावरून हे नाव. बातमीत म्हटलं होतं की ब्रिटनमधल्या मांजरांमध्ये सगळ्यात कमी आयुष्य स्फिंक्सचं, 6.7 वर्षं. ताईने 6.7 मधून 5 वजा केले होते.

आता कबूल करायला हवं. हाच आकडा मी स्वतः आमच्या डिपार्टमेंटच्या जर्नल क्लबमध्ये स्लाइडवर टाकला होता. “ब्रीडिंगचे दुष्परिणाम” असं ठळक शीर्षक देऊन. कोणी काही विचारलं नाही, मीही पुढची स्लाइड लावली. माझा विषय संकरित गाई कळपात किती वेतं टिकतात हा आहे, म्हणजे ‘किती काळ टिकलं’ या प्रकारच्या डेटावरच माझी पीएचडी उभी आहे. तरी चुकले. त्यामुळे हा लेख एका पेपरचं परीक्षण आहे आणि थोडं माझंही.

आधी पेपर काय आहे ते बघू. 2024 मध्ये ‘जर्नल ऑफ फिलाइन मेडिसिन अँड सर्जरी’मध्ये तो आला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा ‘व्हेटकंपास’ नावाचा प्रकल्प ब्रिटनभरच्या दवाखान्यांतल्या नोंदी गोळा करतो. त्यातून 1 जानेवारी 2019 ते 31 मार्च 2021 या काळात मेलेली 7,936 मांजरं घेऊन आयुर्मानाची कोष्टकं तयार केली. माणसांसाठी जनगणनेवाले करतात तशीच. सगळ्या मांजरांचं जन्मावेळचं अपेक्षित आयुष्य आलं 11.74 वर्षं. बर्मीज 14.42, बर्मन 14.39. आणि तळाला स्फिंक्स, 6.68.

पेपर चांगला आहे, हे आधी सांगते. मांजरांची अशी कोष्टकं हाताशी असणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि लिहिणाऱ्यांनी आकड्यांसोबत कॉन्फिडन्स इंटर्व्हल दिलेले आहेत. माझी तक्रार आहे ती आकडा पेपरमधून बाहेर पडताना काय काय गळून पडतं याबद्दल. एक तक्रार मात्र पद्धतीबद्दलही आहे.

पहिली गोष्ट, ताईची वजाबाकी. 6.68 हे *जन्मावेळचं* अपेक्षित आयुष्य आहे. त्यात एक-दोन वर्षांत मेलेली पिल्लंही मोजलेली असतात. जे मांजर पाच वर्षं पार करून बसलंय, त्याच्यासाठी वेगळी ओळ वाचायची असते आणि त्याचं अपेक्षित एकूण आयुष्य 6.68 पेक्षा जास्तच निघतं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं जन्मावेळचं आयुर्मान तिशीच्या आसपास होतं. म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला “तुमची दोनच वर्षं राहिली” असं कोणी म्हणत नव्हतं. बालमृत्यूंनी सरासरी खाली ओढलेली होती. ‘पेट’च्या इंटरव्ह्यूला बसणाऱ्यांनो, आयुर्मान म्हणजे काय हे तिथे हमखास विचारतात आणि निम्मे लोक इथेच अडकतात.

दुसरी गोष्ट, इंटर्व्हल. सगळ्या मांजरांच्या 11.74 चा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल 11.61 ते 11.87 आहे. म्हणजे जेमतेम पाव वर्षाची फट. स्फिंक्सचा 4.53 ते 8.83. सव्वाचार वर्षांची! एवढी फट पडते याचा अर्थ मेलेल्या मांजरांच्या त्या हजारोंच्या यादीत स्फिंक्स अगदीच मोजके होते. ताईच्या बातमीत ही फट नव्हतीच. माझ्या स्लाइडवरही नव्हती, आणि मी तर मूळ पेपर उघडून बसले होते. “साडेचार ते जवळपास नऊ वर्षं, नक्की सांगता येत नाही” असं शीर्षक कोण देईल? तरीही एक गोष्ट इंटर्व्हलनेच कळते. त्याचं वरचं टोकसुद्धा 11.74 च्या खाली आहे. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही, एवढं तरी मान्य करावं लागतं.

पण योगायोग नाही म्हणजे खरा, असं होत नाही. इथे माझी पद्धतीबद्दलची तक्रार येते, आणि ती समजायला मांजर बाजूला ठेवून हिंजवडीला जाऊ.

समजा तिथे पाच वर्षांपूर्वी एक कंपनी सुरू झाली आणि दरवर्षी दुपटीने भरती करत गेली. गेल्या वर्षभरात ज्यांनी राजीनामे दिले फक्त त्यांची यादी तुम्ही घेतली आणि सरासरी किती काळ नोकरी केली ते काढलं. उत्तर पाच वर्षांच्या वर जाऊच शकत नाही. बहुतेक वर्ष-दीड वर्षच येईल, कारण कंपनीत आहेतच मुळी नवे लोक. त्यावरून “इथे कोणी टिकत नाही” असं म्हणाल तर चुकाल. जे टिकलेत ते यादीत नाहीत, ते आत्ता कँटीनमध्ये चहा पीत बसलेत.

या कोष्टकांत फक्त मेलेली मांजरं आहेत. एखाद्या जातीची संख्या वर्षानुवर्षं स्थिर असेल तर मेलेल्यांच्या वयांवरून आयुर्मान काढलेलं बऱ्यापैकी जुळतं. पण जात फॅशनमध्ये येऊन वाढत असेल, तर एकूण मांजरांत कोवळीच जास्त असतात, त्यामुळे मरणाऱ्यांतही कोवळी जास्त दिसतात आणि आयुर्मान खोटंच कमी निघतं. स्फिंक्स ही अशीच जात आहे. असं पहिलं प्रसिद्ध केसहीन पिल्लू 1966 मध्ये टोरोंटोत जन्मलं आणि ही जात घरोघरी दिसायला लागली ती अलीकडे, त्यातही सोशल मीडियावर फोटो फिरायला लागल्यावर. बर्मीज जुनी जात. दोघांना एकाच कोष्टकात शेजारी बसवलं की तुलना तिरकी होते.

उलट दिशेची चूकही आहे, ती लपवणार नाही. ब्रीडरच्या घरी पहिल्या काही आठवड्यांत मेलेली पिल्लं दवाखान्याच्या नोंदीत येतच नाहीत. त्यामुळे खरं आयुर्मान आणखी कमी असू शकतं. दोन्ही चुका एकमेकींना किती खातात हे या डेटावरून ठरत नाही. त्यासाठी जिवंत मांजरंही धरून, प्रत्येक वयात किती जोखमीत होती आणि त्यातली किती गेली असं मोजावं लागेल. गाईंच्या कळपात आम्ही तेच करतो. विकलेली, हरवलेली, अजून गोठ्यात असलेली, प्रत्येकीला नोंदीत जागा असते.

मग स्फिंक्स तब्येतीने धडधाकट आहे का? तर नाही. आणि इथे आकड्यापेक्षा जास्त कामाचा पुरावा दुसरीकडे आहे. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, आढळतो आणि त्यावर 2012 पासून स्वतंत्र पेपर आहेत. 2021 मध्ये ‘एएलएमएस1’ या जीनमधला एक बदल त्याच्याशी जोडला गेला. पण जनुकीय चाचणी निर्दोष आली म्हणजे हृदय ठीक, असं नाही. खात्री इकोनेच होते. दुसरा एक स्नायूंचा आजार ‘सीओएलक्यू’ जीनमुळे होतो, आणि तो डेव्हन रेक्स या जातीतही आहे.

डेव्हन रेक्स इथे कुठून आली? स्फिंक्सची संख्या वाढवताना तिच्याशी संकर केले गेले म्हणून. आणि गंमत बघा, 2010 च्या एका पेपरने दाखवलं की स्फिंक्सचं टक्कल आणि डेव्हन रेक्सचे कुरळे केस हे दोन्ही एकाच ‘केआरटी71’ जीनमधले वेगवेगळे बदल आहेत. या जीनचं प्रथिन केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात असतं. ते बिघडलं की केस येतात पण नीट धरून राहत नाहीत, तुटतात. मोदकच्या पाठीवर हात फिरवला तर पीचच्या सालीसारखी लव लागते ती हीच.

केसांचा जीन वेगळा, हृदयाशी जोडलेला वेगळा. म्हणजे “केस नाहीत म्हणून लवकर मरतात” हे वाक्य पुराव्यावर उभं नाही. थोड्या पूर्वजांपासून मोठी जात तयार केली की नको ते जीनही सोबत येतात, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. हे तपासायचं असेल तर एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. रशियातलं डॉन्स्कॉय हेही केसहीन मांजर, पण त्याचं टक्कल प्रभावी जीनमुळे येतं, स्फिंक्सचं अप्रभावी. वंशही वेगळा. दोन्हींचं आयुर्मान सारखंच कमी निघालं तर टकलावर संशय घ्या, नाही निघालं तर वंशावळीवर. सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर घ्या, माझ्याकडून भेट.

स्वभावाबद्दलच्या दाव्यांची तर आणखीच मजा आहे. जिथे वाचाल तिथे: स्फिंक्स प्रेमळ, कुत्र्यासारखं मागे मागे करणारं, मांडीवरून न उठणारं. ताईही हेच सांगते. मोदक तिच्या दुपट्ट्यात शिरतो, रात्री पांघरुणात पायाशी नाही तर थेट कुशीत. मी ताईला विचारलं, “आणि उन्हाळ्यात?” ती थांबली. मग म्हणाली, “उन्हाळ्यात तो खिडकीत असतो.”

एका मांजरावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण प्रश्न तर उभा राहतो ना? ज्या प्राण्याला उष्णता धरून ठेवायला केस नाहीत, तो गरम गोष्टी शोधणारच, आणि घरातली सगळ्यात गरम, हलती आणि खाऊ देणारी गोष्ट म्हणजे माणूस. हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने हजारो मांजरांवर प्रश्नावली घेऊन जातीजातींतले स्वभावाचे फरक दाखवलेत आणि काही गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहेत असंही काढलंय. काम मोलाचं आहे. पण प्रश्नावली मालक भरतो. “माणसाच्या जवळ येतं का?” याला ताई ‘नेहमी’ असं उत्तर देणार, आणि ते ऊब शोधणं आहे की माया हे त्या चौकोनात मावत नाही. त्यातून जो माणूस मुद्दाम स्फिंक्स घेतो तो अंगाशी खेळणारं मांजर हवं म्हणूनच घेतो, दिवसभर घरात ठेवतो, सतत उचलतो. खोलीचं तापमान बदलून बघितल्याशिवाय मी या बाबतीत कुठलंच ठाम विधान मान्य करणार नाही.

(मोदक तापलेला असतो, त्याला ताप असतो का, हेही ताईने एकदा विचारलं होतं. नाही. मांजराचं शरीर आपल्यापेक्षा गरमच असतं, 38 अंशांच्या वर. मध्ये केस नसल्याने ते थेट हाताला लागतं एवढंच. आणि ॲलर्जीवाल्यांना चालतं हेही खोटं. ॲलर्जी करणारं ‘फेल डी 1’ हे प्रथिन लाळेतून आणि त्वचेच्या तेलग्रंथींतून येतं, आणि या दोन्ही स्फिंक्सला आहेत.)

तेलावरून आठवलं. निगा राखायच्या सल्ल्यांतला बराच भाग ब्रीडरांच्या अनुभवातून आलाय, पण तो तर्काला धरून आहे. केस नाहीत म्हणून तेल शोषलं जात नाही, त्वचेवर साचतं, उशीवर तपकिरी डाग पडतात. नखांच्या खोबणीत आणि कानात काळपट मळ जमतो. म्हणून कोमट पाण्याने अंघोळ, साधारण आठवड्याला, आणि लगेच कोरडं करणं. 2009 च्या एका अभ्यासात निरोगी स्फिंक्सच्या त्वचेवरही मॅलॅसेझिया हे यीस्ट सापडलं होतं. त्यामुळे यीस्ट सापडलं की आजार, असं नाही. खाज, लाली, वास असेल तरच डॉक्टर. रोज साबण लावून घासणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, त्वचा कोरडी पडली की वेगळेच त्रास सुरू होतात. उन्हात कातडी भाजते, थंडीत उबेला जागा लागते.

हे सगळं एवढं ताणून लिहायचं कारण म्हणजे या आकड्यांवर निर्णय होतात. नेदरलँड्सने 1 जानेवारी 2026 पासून केसहीन मांजरं नव्याने पाळायलाच बंदी घातली. आधी चिप लावलेली ठेवता येतात. मला ती बंदी चुकीची वाटत नाही. थंडी, ऊन, त्वचा ही कारणं 6.68 शिवायही पुरेशी आहेत. उलट डळमळीत आकडा पुढे केला तर ब्रीडर तो सहज पाडतील आणि खरी कारणंही त्यासोबत वाहून जातील.

आणि दुसरा निर्णय लेस्टरमधला. डॉक्टरांनी मोदकच्या हृदयाचा इको सुचवला होता, चांगलाच खर्चाचा. बातमी वाचल्यावर ताईने तो रद्द करायचं ठरवलं होतं. “दीड-पावणेदोन वर्षांसाठी त्याला कशाला पिंजऱ्यात घालून न्यायचं, घाबरतो तो,” असं तिचं म्हणणं. मी तिला पेपर पाठवला, इंटर्व्हलला पिवळं केलं आणि हिंजवडीच्या कंपनीची गोष्ट फोनवर सांगितली. तिला राजीनाम्यांचा भाग लगेच कळला, ती एचआरमध्ये आहे.

इको पुढच्या गुरुवारी आहे. जर्नल क्लबची माझी स्लाइडही त्याच आठवड्यात पुन्हा लावणार आहे, इंटर्व्हलसकट.