बॉल बेअरिंगमधील पूर्वभार : ताठरतेच्या आग्रहाची चिकित्सा

ग्राइंडिंग स्पिंडलमधील कोनीय-स्पर्श बॉल बेअरिंगच्या जोडीस जुळणीच्या वेळीच अक्षीय दाब देऊन अंतर्गत ढिलाई नाहीशी केली जाते. यासच पूर्वभार अर्थात प्रीलोड म्हणतात. ताठरता हवी तर नट आणखी आवळावा, ही कार्यशाळांतील सरधोपट समजूत मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे. हर्ट्झ यांच्या स्पर्शसिद्धान्तानुसार ताठरता भाराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. पूर्वभार दुप्पट केला तरी तीत पडणारी भर सुमारे २६ टक्केच! उलटपक्षी लुंडबर्ग व पामग्रेन यांच्या १९४७ च्या सूत्रानुसार आयुर्मान भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अन्य भार नगण्य असल्यास ते एक-अष्टमांशावर येते. हा व्यवहार महागच म्हणावा लागेल. त्यातच उच्च वेगात आतील कडे बाहेरील कड्यापेक्षा सामान्यतः अधिक तापून प्रसरण पावते आणि घट्ट आवळलेल्या जोडीतील पूर्वभार आणखी चढतो. थंड अवस्थेत मोजलेला आकडा तेव्हा फसवा ठरतो. अर्थात, पूर्वभार अगदीच अल्प ठेवल्यास गोळ्या घरंगळण्याऐवजी घसरतात व पृष्ठभाग खरवडला जातो. स्प्रिंगद्वारे दिलेला पूर्वभार तापमान बदलले तरी जवळजवळ स्थिर राहतो, परंतु ताठरतेत उणा पडतो. म्हणूनच तो हलक्या कापाच्या वेगवान स्पिंडलला मानवतो, जड कापाच्या स्पिंडलला नव्हे.